चासीचं भोक दिसतंय, पण आधी ब्रेकचा पाइप बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. 2011 सालची पिकअप. वडील रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरून आंबा घाटाने कोल्हापूरला मासळी नेतात, परतीला भाजी भरून आणतात. मागच्या डाव्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) हँगरजवळ, म्हणजे पाटा जिथे टांगलेला असतो तिथे, चासीला (गाडीच्या सांगाड्याला) बोट जाईल एवढं भोक पडलंय. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते आणि पेडल कधीकधी दुसऱ्यांदा दाबल्यावरच धरतं. वेल्डर म्हणतो, वरून प्लेट मारून देतो, एका दिवसाचं काम आहे. पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) दीड महिन्यावर आलंय. प्लेट मारावी की गाडी काढून टाकावी?

पहिलं सांगतो ते आजच करा. ब्रेक दुरुस्त होईपर्यंत ही गाडी घाटात पाठवू नका, रिकामीसुद्धा नको. तुम्ही भोकाबद्दल चार ओळी लिहिल्यात आणि पेडलबद्दल एकच. माझ्या दृष्टीने ते उलट आहे. भोक गाडीला महिन्याभरात खाली बसवेल, पण दोनदा दाबल्यावर धरणारं पेडल साखरप्याच्या बाजूला घाट उतरताना एका वळणात घात करेल. गेली बावीस वर्षं मी चासी आणि ब्रेकचंच काम करतोय, त्यातली निम्मी गिऱ्हाइकं बंदरावरची. गंजलेली गाडी घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा दिसणाऱ्या गंजाची काळजी करतो. दार सडलं, मडगार्डला भोक पडलं, हौद्याचा (मागे माल भरतात त्या भागाचा) पत्रा गेला, यानं गाडी कुरूप दिसते, पण त्यापायी कुणाचा जीव जात नाही. जीव घेणारा गंज गाडीखाली पाच-सहा ठिकाणीच असतो, आणि तिथे सहसा कुणी वाकून बघत नाही.

आता तुमच्या गाडीत गंज नेमका डाव्या हँगरपाशीच का आला ते बघा, कारण ते कळल्याशिवाय केलेली दुरुस्ती टिकणार नाही. क्रेटमधला बर्फ वितळतो, मासळीचं खारं पाणी हौद्यात साचतं आणि उतार असेल त्या बाजूला वाहत जातं. रस्त्याची डावी कड बहुधा खाली असते, त्यामुळे पाणीही डावीकडे जातं आणि हौद्याच्या मागच्या कोपऱ्यातून खाली पडतं. तिथे खाली काय असतं? लाँग मेंबर (चासीची लांबीची तुळई), पाट्याचा हँगर, शॅकल (पाट्याचं हलतं टोक धरणारी कडी) आणि ॲक्सलकडे जाणारा ब्रेकचा पाइप. एका फेरीत तासन् तास त्या एकाच जागेवर खाऱ्या पाण्याची धार लागते. शिवाय मिठाचा गुण घरात सगळ्यांना ठाऊक आहे: पावसाळ्यात बरणीतलं मीठ आपोआप पाझरतं. चासीच्या पापुद्र्यात शिरलेलं मीठही तसंच हवेतला ओलावा ओढत राहतं. रत्नागिरीची हवा मे महिन्यातही दमट असते, म्हणजे गाडी उन्हात उभी असली तरी आतला गंज ओलाच. त्यात काही ड्रायव्हर बंदरावरच समुद्राच्या पाण्याने हौदा धुतात. वडील तसं करत असतील तर ते आजपासून बंद करा. गोड्या पाण्याच्या चार बादल्या मागच्या चाकांच्या आत, हँगरवर आणि हौद्याच्या खालच्या बाजूला रोज मारल्या तर गाडीचं आयुष्य काही वर्षांनी वाढतं. यापेक्षा स्वस्त उपाय मला माहीत नाही.

ब्रेककडे येतो. गाडी डावीकडे ओढते म्हणून डाव्या चाकाचा ब्रेक खोलायला निघाल तर चुकाल. गाडी ओढते ती ज्या बाजूचा ब्रेक चांगला लागतो त्या बाजूला. बिघाड बहुतेक उजव्या बाजूला असतो: कॅलिपरची (पॅड दाबणाऱ्या भागाची) पिन गंजून जाम झालेली किंवा पिस्टन अडकलेला. पुढची दोन्ही चाकं खोला आणि पॅडची झीज शेजारी ठेवून बघा. ज्या बाजूचे पॅड कमी झिजलेत, ती बाजू काम करत नाही. एकाच कॅलिपरमधला आतला पॅड संपलेला आणि बाहेरचा जाड, असं दिसलं तर पिन जाम आहे. चाकं खोललीच आहेत तर रबरी होसही वाकवून बघा, चिरा पडल्या असतील तर दोन्ही बाजूंचे बदला.

पेडल दोनदा मारावं लागतं याची कारणं तीन-चार असू शकतात: मागचे लायनर (ड्रमच्या आतले घर्षणाचे पट्टे) सैल, सिस्टिममध्ये हवा, मास्टर सिलेंडरचं (पेडलने ऑइल ढकलणाऱ्या पंपाचं) रबर गेलेलं, किंवा कुठेतरी पाझर. जुन्या मासळीच्या गाडीत मी सगळ्यात आधी पाझर शोधतो. ॲक्सलवरचा आणि चासीच्या कडेने जाणारा लोखंडी पाइप फडक्याने पुसा. वर नुसता लालसर रंग असेल आणि पुसल्यावर खालचा पाइप गुळगुळीत लागला तर ठीक. नखाने खपली निघाली किंवा पाइप खरखरीत आणि फुगलेला लागला तर तो बदलायचा, त्यावर चर्चा नको. क्लिपा काढूनच बघा. पाइप क्लिपेखाली सडतो, कारण चिखल आणि मीठ तिथेच अडकतं. बाहेरून चकचकीत दिसणारा पाइप क्लिप काढल्यावर माझ्या हातात दोन तुकडे होऊन आलेला आहे.

मग एक चाचणी अंगणातच करा. इंजिन चालू ठेवा, चाकांना दगड लावा आणि पेडल पूर्ण जोराने दाबून मिनिटभर धरा. पेडल हळूहळू खाली सरकत गेलं तर आतून किंवा बाहेरून कुठेतरी ऑइल जातंय. असं चार-पाच वेळा करा, दुसऱ्या माणसाला टॉर्च घेऊन पाइपांवर नजर ठेवायला सांगा. कमजोर पाइप फुटायचाच असेल तर तो अंगणात फुटू दे. पुढची आणि मागची लाइन वेगळी असते, त्यामुळे मागचा पाइप फुटला तरी पुढचे ब्रेक राहतात असं ड्रायव्हर म्हणतात. ते खरं आहे, पण मागे दीड टन भाजी आणि पुढे उतार असताना अर्ध्या ब्रेकवर गाडी थांबवायला जेवढा रस्ता लागतो तेवढा घाटात मिळत नाही.

पाइप बदलताना तांब्याची नळी ब्रेझिंगने (पितळी डाग देऊन) जोडून देणारे लोक आहेत. तसं करू देऊ नका. साधं तांबं हादऱ्याने कडक होऊन तडकतं आणि जोड तर कधीही सुटू शकतो. कंपनीचा तयार पाइप घ्या किंवा तांबं-निकेल मिश्रधातूचा पाइप दोन्ही टोकांना डबल फ्लेअर करून (टोक दुहेरी फुलवून) बसवा. तो गंजत नाही, मासळीच्या गाडीला तोच योग्य. ब्रेक ऑइलही पूर्ण बदला. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 दर्जाचं ऑइल नवीन असताना कमीत कमी 230 अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर ती मर्यादा 155 पर्यंत खाली येऊ शकते. लांब उतारावर ब्रेक तापले की अशा ऑइलची वाफ होते आणि पेडल पायाखाली स्पंजासारखं लागतं. शिवाय तेच पाणी पाइपाला आणि व्हील सिलेंडरला आतून गंजवतं. दोन वर्षांनी ऑइल बदलायचंच, गाडी किती चालली हे न बघता. मागच्या ॲक्सलवर वजनाप्रमाणे ब्रेकचं प्रेशर कमीजास्त करणारा व्हॉल्व असेल तर त्याची दांडी हाताने हलवून बघा. ती गंजून एका जागी बसली असेल तर भरलेल्या गाडीचे मागचे ब्रेक रिकाम्या गाडीएवढेच लागतात. हँडब्रेकची केबलही बघा, बहुतेक जाम असेल.

एवढं झाल्यावर चासी. गाडीखाली जाण्याआधी एक इशारा. गंजलेल्या लाँग मेंबरला जॅक लावू नका, जॅकचं डोकं पत्र्यातून वर जातं. जॅक ॲक्सलखाली घ्या, दोन्ही बाजूंना स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळे ठेवा आणि समोरच्या चाकांना अडसर द्या. जमलं तर पिट (गाडीखाली उभं राहायचा खड्डा) असलेल्या गॅरेजमध्येच हे काम करा.

मग लहान हातोडी घेऊन चासी ठोकत जा, पुढून मागे, दर चार बोटांवर एक ठोका. जिवंत पत्रा टणटणीत वाजतो. सडलेला पत्रा बद्द आवाज देतो आणि हातोडी परत उसळत नाही. जिथे आवाज बदलतो तिथे खडूने खूण करा. भोकाभोवती टोच्या किंवा जुना स्क्रू ड्रायव्हर दाबून बघा. तुम्हाला बोटाएवढं भोक दिसतंय, पण खुणा संपतील तेव्हा पंजाएवढी जागा भरलेली असेल. भोक म्हणजे गंज आरपार निघालाय ती जागा, त्याच्या भोवतीचा पत्रा आधीच पातळ झालेला असतो. चासीचा जो भाग चारी बाजूंनी बंद आहे त्याच्या आतही बघा. खाली पाणी निघायला छिद्रं असतात, ती चिखलाने बुजलेली असतात आणि आत पाणी साचून पत्रा आतून बाहेर सडतो. तारेने छिद्रं मोकळी करा. आतून लाल पाण्याबरोबर पापुद्रे बाहेर पडले तर काय समजायचं ते तुम्हाला कळेल. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून दोन पत्रे जिथे एकमेकांवर रिव्हेट केलेले असतात तिथे तो पत्रे फाकवतो आणि रिव्हेटची डोकी ताणून तोडतो. हँगरचे रिव्हेट एकेक करून ठोका. सैल रिव्हेटभोवती लाल पावडरीचा गोल दिसतो.

या बाकी जागाही त्याच वेळी बघून घ्या: स्टिअरिंग बॉक्स चासीला जिथे बोल्टने बसतो तिथला पत्रा, पुढच्या सस्पेन्शनचे माउंटिंग, केबिनचे माउंटिंग, डिझेल टाकीचे पट्टे, सीट बेल्टचा बोल्ट जिथे बसतो तो पत्रा (पट्टा चांगला असून उपयोग नाही, बोल्टच उपटून येतो) आणि खाली टांगलेली स्टेपनी. स्टेपनीची साखळी गंजून तुटली की चाक मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्यासमोर पडतं. साखळी स्वस्त आहे, बदलूनच टाका. मागचे दिवे मिणमिणत असतील तर बल्बच्या आधी अर्थची वायर बघा, ती गंजलेल्या चासीला लावलेली असते. आंबा घाटाच्या धुक्यात मागचा दिवा हाच तुमच्या वडिलांचा आधार आहे.

स्टिअरिंग बॉक्सजवळ किंवा पुढच्या सस्पेन्शनच्या माउंटिंगपाशी पत्रा सडलेला निघाला तर माझं मत स्पष्ट आहे: गाडी काढा. तिथे वेल्डिंगने दुरुस्ती करून मी माझ्या भावालाही गाडी देणार नाही. दोन्ही लाँग मेंबर तीन-चार ठिकाणी सडलेले असतील तरीही तेच. गंज फक्त मागच्या हँगरच्या आसपास असेल आणि बाकी चासी टणटणीत वाजत असेल, तर दुरुस्ती होते, पण तुमचा वेल्डर म्हणतो तशी नाही.

वरून प्लेट मारण्याचं काम मी स्वतः एकदा केलं आहे. गणपतीच्या आधीची घाई होती, गिऱ्हाइकाला दोन दिवसांत गाडी हवी होती. मी गंज ब्रशने घासला, पाच मिलिमीटरची प्लेट वर ठेवली आणि चारी बाजूंनी शिवून टाकली. दिसायला काम भक्कम होतं. शिमग्याच्या सुमारास गाडी परत आली ती हौदा एका बाजूला कललेला. प्लेट जशीच्या तशी होती. तिच्या कडेच्या उभ्या वेल्डिंगला लागून लाँग मेंबर वरून खालपर्यंत चिरला होता, त्यात माझी करंगळी जात होती. ड्रायव्हर पालीपासून सावकाश रिकामी गाडी घेऊन आला म्हणून बचावला. त्या दिवसापासून मी गंजावर प्लेट मारत नाही. जाड प्लेट आणि पातळ झालेला पत्रा यांच्या सीमेवर सगळा ताण येतो, उभं वेल्डिंग त्या ताणाला तडा जायला सरळ रेघ आखून देतं, आणि प्लेटखाली अडकलेलं मीठ आपलं काम करतच राहतं.

बरोबर पद्धत वेळखाऊ आहे. हौदा उतरवायचा. पाटे आणि हँगर काढायचे. सडलेला पत्रा कापत जायचं, दोन्ही बाजूंना जिवंत धातू लागेपर्यंत. चांगल्या जागी व्हर्नियरने मूळ पत्र्याची जाडी मोजायची आणि त्याच जाडीचा तुकडा त्याच आकारात वाकवून बसवायचा. जोड तिरका घ्यायचा, सरळ उभा नाही. आतून आधाराची प्लेट द्यायची तर तिची टोकं निमुळती कापायची, म्हणजे ताण एका जागी न येता पसरतो. लाँग मेंबरच्या वरच्या आणि खालच्या पट्टीवर आडवं वेल्डिंग घ्यायचं नाही, तिथे भोकही पाडायचं नाही. वेल्डिंग सीओटू मशीनने किंवा 7018 नंबरच्या सुकवलेल्या वेल्डिंग रॉडने. ते करण्याआधी बॅटरी सोडवायची, इलेक्ट्रॉनिक कंट्रोल असेल तर त्याचा प्लग काढायचा, डिझेल टाकी आणि पाइप बाजूला करायचे, आणि अर्थचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावायचा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो. हँगर नवा घ्यायचा. तो जुन्या रिव्हेटच्या भोकांत चांगल्या ग्रेडच्या बोल्टने नीट आवळून बसवायचा, वेल्डिंगने चिकटवायचा नाही. वेल्डरला हे सगळं विचारा. तो हसला किंवा म्हणाला ‘एवढं काही लागत नाही’, तर दुसरा वेल्डर शोधा.

चासी नंबर जिथे ठोकलेला आहे त्या जागेला ग्राइंडर किंवा वेल्डिंग लागू देऊ नका. तिथला गंज बारीक वायर ब्रशने हलकेच काढून वर ग्रीस लावा. पासिंगला त्या नंबराचा छापा घेतात. नंबर वाचता आला नाही तर चांगली दुरुस्त झालेली गाडीही आरटीओत अडकेल.

पासिंगविषयी तुमच्या मनात जे आहे ते मला कळतंय. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावं लागतं. त्याच्या आदल्या दिवशी खालून काळा रंग मारून गाडी नेण्याची पद्धत मी वर्षानुवर्षं बघतोय. काळ्या थराखाली गंज दिसत नाही, थांबतही नाही. उलट ओलावा आत कोंडतो. जुनी पिकअप विकत घेणाऱ्यांनाही मी हेच सांगतो: खालून ताजं काळं मारलेलं असेल तर हातोडी आणि चुंबक काढा. चुंबक चिकटलं नाही तर तिथे पुट्टी आहे.

रंगाचं म्हणाल तर सैल गंज पूर्ण काढून आधी गोड्या पाण्याने धुवा आणि दोन दिवस सुकू द्या. मीठ राहिलं तर वरचा कुठलाही रंग फुगणार. मग इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर चासीचा रंग. नुसतं रेडऑक्साइड मारून सोडू नका, त्यातून ओलावा आत जातो, त्यावर रंग लागतोच. बंद भागाच्या आत मेणासारखं गंजरोधक नळीने फवारता येतं, ते दरवर्षी पावसाआधी करा. आपल्याकडे जळकं ऑइल मारतात. त्याने गंज थोडा थांबतो हे मी नाकारत नाही, पण ते पाट्याचे बुश आणि ब्रेकचे रबरी होस खातं, ड्रमवर उडालं तर ब्रेक घसरतो आणि पहिल्या पावसात वाहून शेतात, विहिरीत जातं. मी ते सोडून दिलं आहे.

हौद्याचं पाणीही अडवावं लागेल, नाहीतर तीन वर्षांनी हेच भोक परत पडेल. हौद्याच्या तळाला पत्र्याची पन्हळ आणि खाली छोटी टाकी बसवा, कोल्हापूरला पोहोचल्यावर योग्य जागी रिकामी करा. घाटात मासळीच्या पाण्यावरून दुचाकी घसरतात, तेही टळेल. आणि जादा माल भरता यावा म्हणून कुणी एक-दोन पाटे वाढवून दिले असतील तर ते काढा. जादा पाट्याने गाडी बसत नाही म्हणून ती पेलते असं वाटतं. ते वजन हँगरवर आणि त्याच सडलेल्या लाँग मेंबरवर जातं.

पैशांचा हिशोब तुम्हीच करा, पण क्रम असा ठेवा. आधी ब्रेक, ते थांबवता येत नाहीत. मग हौदा उतरवून हातोडीची तपासणी. ती झाल्यावरच वेल्डिंगचा खर्च विचारा, कारण त्याआधी दिलेला कुठलाही आकडा अंदाज असतो. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्यावर गेला तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्यायचा विचार करा. तिथे मिळणाऱ्या सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिटवर (गाडी जमा केल्याच्या दाखल्यावर) नव्या मालवाहू गाडीच्या करात सवलत घेता येते. गाडी ठेवायचं ठरलं तर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, एरवी मोठं काम त्याच दोन महिन्यांत काढावं. तुमचं पासिंग आणि ब्रेक तेवढे थांबणार नाहीत, म्हणून आता मासळीच्या काही फेऱ्या दुसऱ्याच्या गाडीने करा. भाडं जाईल, ते जाऊ द्या.

वडिलांना पिटात बरोबर घ्या आणि हातोडी त्यांच्याच हातात द्या. बारा-पंधरा वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला मुलाने सांगितलेलं पटत नाही, बद्द आवाज स्वतः ऐकला की पटतो. काम झाल्यावर पहिली फेरी अर्ध्या वजनाने करा, आंब्याला वर पोहोचल्यावर थांबून मागच्या ड्रमजवळ हात नेऊन दोन्ही बाजूंची धग सारखी आहे का बघा. दोन फेऱ्यांनंतर यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला बांधणारे) आणि हँगरचे बोल्ट पुन्हा आवळून घ्या, पाटे बसले की ते सैल पडतात.